शेंडा वाढला, बुंधा तोच: हार्बर मार्गाच्या विस्ताराचा प्रकरण अभ्यास

12 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन प्रकल्पांचं लोकार्पण झालं. पहिला अटल सेतू: शिवडी ते न्हावा-शेवा, 21.8 किमी, त्यातला बराचसा समुद्रावरून. दुसरा म्हणजे खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतची लोकल. वर्तमानपत्रांचं पहिलं पान पुलाने व्यापलं, लोकलला आतली जागा मिळाली. त्यात नवल काही नाही, पूल दिसायलाच मोठा आहे.

पण नकाशा उघडून पाहा. शिवडी हे हार्बर मार्गावरचं जुनं स्टेशन आहे. न्हावा-शेवा हे उरण मार्गावरचं नवं स्टेशन आहे. मोटार आणि टोलचे 250 रुपये असतील तर ही दोन टोकं अर्ध्या तासाच्या आत जोडली जातात. दुचाकी आणि रिक्षाला पुलावर मज्जाव आहे. लोकलने जाणाऱ्याने शिवडीहून वडाळा, कुर्ला, मानखुर्द, वाशी, नेरूळ असा खाडीला वळसा घालायचा, नेरूळला उतरून उरणच्या गाडीची वाट पाहायची आणि मग पुन्हा समुद्राकडे यायचं.

मुंबईच्या तीन उपनगरी मार्गांपैकी गेल्या चाळीस वर्षांत हार्बर जितका पसरला तितका दुसरा कुठलाच नाही. मानखुर्दला संपणारी गाडी वाशी, बेलापूर, पनवेलला गेली, ठाण्याला फाटा फुटला, गोरेगावला पोचली, आता उरण. तरीही आज या मार्गावर एकही फास्ट गाडी नाही, आणि सीएसएमटी ते पनवेल या 49 किमीला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. इतका विस्तार होऊनही हा मार्ग मागेच का राहिला, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न.

माणसांच्या आधी माल आणि कचरा

हार्बर नावाप्रमाणे बंदराची गाडी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कुर्ला ते रे रोड हा फाटा 12 डिसेंबर 1910 रोजी सुरू केला. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा गोद्या, वखारी आणि भराव यांचं काम जोरात होतं. 1 जानेवारी 1915 पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वेही धावू लागली. कापसाच्या गासड्या, धान्य, कोळसा गोदीपर्यंत न्यायचे आणि तिथून देशभर पाठवायचे, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोड ही स्टेशनं त्या व्यापाराची नावं अजून बाळगून आहेत.

चेंबूरकडचा भाग तर आणखी विनोदी. कुर्ला-चेंबूर हा एकेरी रूळ 1906 मध्ये शहराचा कचरा देवनारच्या बाजूला नेण्यासाठी टाकला गेला. प्रवासी गाड्या त्यावर 1924 मध्ये सुरू झाल्या. आज पनवेलच्या गाडीत चेंबूर-गोवंडी-मानखुर्द या पट्ट्यात जो लोंढा चढतो, त्याच्या पायाखालचा मूळ मार्ग कचरागाडीचा आहे.

मग 3 फेब्रुवारी 1925. भारतातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली ती मेन लाइनवर नव्हे, याच हार्बर मार्गावर, 1500 व्होल्ट डीसी विजेवर. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवलं. रे रोडपासून व्हीटीपर्यंतचा तुकडा डोंगरी-मशीदच्या दाट वस्तीतून न्यायचा होता, म्हणून तो लोखंडी खांबांवर उचलला गेला. सँडहर्स्ट रोडला हार्बरचे फलाट अजूनही मेन लाइनच्या डोक्यावर आहेत. हे बांधकाम त्या काळी कौतुकाचं होतं. आज तेच या मार्गाच्या गळ्याशी आलं आहे. दोन्ही बाजूंना इमारती, खाली रस्ता आणि रेल्वे. तिथे तिसरा रूळ टाकायला हातभर जागा नाही.

सुरुवातीला हार्बरवर चार डब्यांच्या गाड्या धावत. बंदरात, गोदीत, गिरणीच्या पट्ट्यात कामाला जाणारे लोक, मधल्या वखारी, एवढ्यासाठी ते पुरेसं होतं. दोन रूळ, टोकाला दोन फलाट. हा बुंधा, म्हणजे मार्गाचा मुंबईतला मूळ भाग, त्या काळच्या मापाने बेतलेला होता आणि त्यात चूक काहीच नव्हती.

खाडीपलीकडचं शहर गाडीविना

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्यात मांडणी केली की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. 17 मार्च 1970 रोजी त्यासाठी सिडको ही राज्य सरकारची कंपनी स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या 95 गावांची जमीन या नव्या शहरासाठी ठरली. 1973 मध्ये वाशीच्या खाडीवर रस्त्याचा पूल झाला.

रेल्वे मात्र आली नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर वसत होते. बेलापूरला कोकण भवन हे विभागीय सरकारी कार्यालय उभं राहिलं, मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याकडे हलले, माथाडी कामगारांची घरं कोपरखैरणे-घणसोलीकडे झाली. पण माणसाची ये-जा बसवर. मानखुर्दला लोकल संपायची आणि पुढे एसटी किंवा बेस्ट. नियोजनकारांची कल्पना अशी की नवी मुंबईचा माणूस नवी मुंबईतच कामाला जाईल, म्हणजे जुळं शहर, झोपायची खोली नव्हे. ती कल्पना फसली कारण सरकारने स्वतःच्या मुख्य कचेऱ्या हलवल्या नाहीत. मंत्रालय जागेवर राहिलं, नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहत राहिले. नोकरी इकडे आणि परवडणारं घर तिकडे, असा मामला झाल्यावर लोकल ही चैन उरत नाही.

दिल्लीच्या रेल्वे मंत्रालयाला मात्र ती तशी वाटत नव्हती. उपनगरी वाहतूक तोट्याची, तिकिटं स्वस्त ठेवावी लागतात, आणि वाशीला तर अजून माणसंच थोडी. रेल्वे म्हणणार आधी वस्ती होऊ द्या, वस्ती म्हणणार आधी गाडी आणा. यातून वाट निघाली ती पैशाच्या वाटणीतून.

67 आणि 33

मानखुर्द ते बेलापूर या मार्गाच्या खर्चाचे 67 टक्के सिडकोने द्यायचे आणि 33 टक्के रेल्वेने, असं ठरलं. पुढे पनवेल, ठाणे-वाशी आणि उरण या सगळ्या कामांत हेच सूत्र राहिलं. भारतात तोवर रेल्वे बांधणं म्हणजे रेल्वेचं काम, ही समजूत पक्की होती. एका राज्य सरकारी नगरविकास कंपनीने दोन तृतीयांश खर्च उचलावा ही त्या काळी मोठीच उडी होती. माझ्या मते हार्बरच्या इतिहासात 1925 च्या विजेइतकाच हा निर्णय मोठा आहे, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

सिडकोला हे परवडलं कसं? शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन सपाट करायची, रस्ते-गटारं द्यायची आणि भूखंड पाडून विकायचे. स्टेशनजवळच्या भूखंडाचा भाव स्टेशन नसलेल्या भूखंडाच्या कितीतरी पट. म्हणजे लोकल ही सिडकोसाठी जमिनीचा भाव चढवणारी यंत्रणा होती. म्हणूनच नवी मुंबईतली स्टेशनं जुन्या मुंबईतल्या स्टेशनांसारखी नाहीत. वाशी, बेलापूर इथे फलाटांच्या डोक्यावर कार्यालयं आहेत, ऐसपैस भुयारी मार्ग आहेत, दुकानांचे गाळे आहेत. सीवूड्सला तर स्टेशनवर अख्खा मॉल बसवला आहे. गोवंडीच्या पुलावर चेंगरत उभं राहिलेल्या माणसाला त्याच तिकिटावर अर्ध्या तासात वाशीच्या प्रशस्त स्टेशनात उतरता येतं, ते या 67 टक्क्यांमुळे.

काम भराभर झालं. 9 मे 1992 रोजी खाडी ओलांडून गाडी वाशीला आली. मानखुर्द ते वाशी हा सुमारे 8 किमीचा टप्पा, मध्ये एकही स्टेशन नाही. 1993 मध्ये नेरूळ आणि बेलापूर झालं, 29 जून 1998 रोजी पनवेल. 9 नोव्हेंबर 2004 रोजी ठाण्याहून ऐरोली-तुर्भे मार्गे वाशीची गाडी सुरू झाली. तिला लोक ट्रान्स-हार्बर म्हणतात. या शेवटच्या तुकड्याचं मोल वेगळं आहे. ठाणे-कल्याणकडचा माणूस कुर्ल्याला येऊन गाडी न बदलता थेट रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात जाऊ लागला आणि पुढे त्याच पट्ट्यात आयटी कंपन्या आल्या. जुळं शहर ही जुनी कल्पना थोडीफार खरी झाली असेल तर ती या ठाणे-वाशी गाडीने.

2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या 11 लाखांवर गेली होती. पनवेल, खारघर, कामोठे त्यात नाहीत; तिकडे 2016 मध्ये वेगळी महापालिका झाली.

पण 67 टक्के म्हणजे नक्की कोणाचे? सिडकोच्या तिजोरीतले, हे कागदोपत्री उत्तर. तिजोरीत ते आले भूखंड विकत घेणाऱ्यांकडून. भूखंडावर नफा सुटला कारण शेतकऱ्याला मिळालेला मोबदला तुटपुंजा होता. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी जासई-दास्तानफाटा परिसरात आंदोलन केलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना निघाली. आणि प्रवाशानेही काही भार उचलला, मानखुर्दच्या पलीकडच्या तिकिटावर सिडकोचा अधिभार लावला गेला. तेव्हा वाशीची गाडी सरकारने ‘दिली’ असं कुणी म्हटलं, की या तिघांचा हिशेब आधी मांडायला हवा.

बुंध्याचा मालक कोण?

67-33 हे सूत्र खाडीपलीकडे चाललं, कारण तिथे विकायला जमीन होती. खाडीच्या अलीकडे, सीएसएमटी ते मानखुर्द या भागात, गाडी सुधारली म्हणून ज्याच्या खिशात पैसा पडेल असा कोणी मालकच नव्हता. पूर्व किनाऱ्याची मोठी जमीन पोर्ट ट्रस्टची. ती विकायची नव्हती, वखारी आणि जुने भाडेपट्टे यांत अडकलेली. रुळाला खेटून झोपड्या. डोंगरीत जुन्या चाळी. पैसे घालणारा कोणी नाही म्हटल्यावर उरली फक्त रेल्वे, आणि तिच्यापाशी मुंबईतल्या कामांची रांग आधीच लांब.

याचा रोजचा परिणाम समजून घ्यायचा तर सीएसएमटीला हार्बरच्या एक आणि दोन नंबरच्या फलाटांवर गर्दीच्या वेळी उभं राहावं. फलाट दोनच. दर चार मिनिटांनी एक गाडी आत घ्यायची असेल, तर प्रत्येक गाडीला फलाटावर आठ मिनिटांहून कमी वेळ मिळतो. त्यातून आत येण्याचा आणि बाहेर पडताना सांधा ओलांडण्याचा वेळ वजा करा. तेवढ्यात माणसं उतरायची, चढायची, मोटरमन आणि गार्डने डब्यांची टोकं बदलायची. एक गाडी तीन मिनिटं अडकली की मागची मशीदला, तिच्या मागची सँडहर्स्ट रोडला, आणि मग सगळी माळ थांबते. म्हणूनच काही फेऱ्या वडाळ्यालाच संपवाव्या लागतात.

वडाळ्याच्या पुढे दुसरी गाठ. तिथे एक फाटा किंग्ज सर्कल, माहीम, वांद्रे करत पश्चिम उपनगरांत जातो, दुसरा कुर्ल्याकडे. सीएसएमटीहून दोन्हीकडच्या गाड्या त्याच दोन रुळांवरून निघतात. 29 मार्च 2018 रोजी अंधेरीची हार्बर गोरेगावपर्यंत गेली, गोरेगावकरांना आनंद झाला, रास्तही होता. पण गोरेगावला गाडी वाढवली की पनवेलची एक कमी तरी होते किंवा उशिरा तरी निघते, कारण बुंध्यातून जाणाऱ्या एकूण गाड्या तेवढ्याच.

तुलनेसाठी मेन लाइन पाहा. सीएसएमटी ते कुर्ला चार रूळ, कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा. तिथली फास्ट गाडी स्लोला मागे टाकू शकते. हार्बरवर पनवेलच्या गाडीला पुढची वडाळा लोकल ओलांडता येत नाही, तेव्हा फास्ट ठेवायची तरी कुठे? आणि पावसाळ्यात चुनाभट्टी-कुर्ला पट्ट्यात पाणी साचलं की पर्यायी रूळ नसल्याने अख्खा मार्ग बंद.

अशा ठिकाणी रेल्वेने जे करता येण्यासारखं होतं ते केलं: गाडी लांब केली. हार्बर बरीच वर्षं नऊ डब्यांवर होती. बाराची करायची म्हणजे प्रत्येक फलाट वाढवायचा. फेब्रुवारी 2016 मध्ये सीएसएमटीचे फलाट लांब करायला 72 तासांचा ब्लॉक घेतला गेला. एप्रिल 2016 मध्ये विजेचा पुरवठा 1500 व्होल्ट डीसीवरून 25 हजार व्होल्ट एसीवर आला. पहिली विजेची गाडी ज्या मार्गावर धावली, तो मार्ग डीसी सोडणारा शेवटचा ठरला. त्याच महिन्याअखेरीस बारा डब्यांची पहिली लोकल धावली. नवावरून बारा म्हणजे प्रत्येक फेरीमागे एक तृतीयांश जास्त जागा, आणि तीही नवा रूळ न टाकता. पैशाच्या हिशेबात यापेक्षा शहाणपणाचं काम या मार्गावर दुसरं झालेलं नाही. पण ते एकदाच करता येतं. पंधरा डब्यांसाठी पुन्हा सगळे फलाट, आणि डॉकयार्ड रोडसारख्या कोंदट ठिकाणी तर अशक्यच वाटावं.

एसी लोकलचा प्रयोगही इथे चाखून पाहिला गेला. डिसेंबर 2021 मध्ये हार्बरवर एसी फेऱ्या सुरू झाल्या, मे 2022 मध्ये प्रतिसाद नाही म्हणून त्या मेन लाइनकडे वळवल्या. हार्बरवाल्यांना एसी नको, असा निष्कर्ष त्यातून काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या मार्गावर दोन गाड्यांमध्ये जागाच नाही, तिथे साध्या गाडीच्या जागी एसी गाडी घुसवली तर पासवाल्याची नेहमीची गाडी जाते. नवी वेळ जुळत नाही, भाडं अनेक पट, मग डबे रिकामे धावणारच.

जागेची टंचाई प्रवाशांनी आपल्या परीने सोडवली आहे. संध्याकाळी वडाळा-कुर्ल्याला पनवेल गाडीत पाय ठेवणं कठीण, म्हणून कित्येक जण आधी उलट दिशेने सीएसएमटीपर्यंत जातात आणि तीच गाडी परत निघताना बसून येतात. याला ‘रिटर्न’ येणं म्हणतात. एका माणसाच्या एका प्रवासासाठी डब्यातली जागा दोनदा खर्ची पडते, हा भाग वेळापत्रकाच्या कोष्टकात कुठे दिसत नाही.

बुंधा रुंद करण्याचे प्रस्ताव आले नाहीत असं नाही. सीएसएमटी-पनवेल जलद उन्नत मार्ग अनेक वर्षं चर्चेत राहिला, बांधला गेला नाही. मेन लाइनच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी कुर्ल्याला हार्बरचे फलाट वर उचलायचं काम निघालं. त्याच मार्गिकांना सीएसएमटीत जागा मिळावी म्हणून हार्बरची गाडी सँडहर्स्ट रोडलाच थांबवावी, असाही विचार पुढे आला. जागा अपुरी पडली की आधी हार्बरला सरकवायचं, ही सवय इथेही सुटलेली नाही.

उरण

उरणची गोष्ट वाशीच्या उलट आहे. वाशीला माणसं होती आणि गाडी नव्हती. उरणला गाडी मंजूर झाली नव्वदच्या दशकात, तेव्हा या मार्गावरच्या उलव्याचा बराचसा भाग खाजण आणि शेती होता. जमीन संपादन, खारफुटीच्या परवानग्या, पुनर्वसनाचे वाद यांत वर्षं गेली. नेरूळ-बेलापूर ते खारकोपर हा पहिला टप्पा 11 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाला आणि उरण पाच वर्षांनी. सगळा मिळून मार्ग सुमारे 27 किमीचा. या मधल्या काळात सिडकोने उलव्यात भूखंड विकले, इमारती झाल्या, लोक राहायला आले आणि रिक्षा-बसवर दिवस काढू लागले. गाडी येणार, या भरवशावरच घरांचे भाव चढले होते. गाडीने जमिनीचा भाव वाढवायचा हे सिडकोचं जुनं गणित, उलव्यात गाडीच्या नुसत्या घोषणेनेच ते साधलं.

उरणची लोकल सीएसएमटीला येत नाही, नेरूळ किंवा बेलापूरला संपते. यावर स्थानिकांचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण उरणची गाडी थेट न्यायची तर तिला बुंध्यात जागा लागेल, म्हणजे पनवेल किंवा गोरेगावची एखादी फेरी कापावी लागेल. फेऱ्याही विरळ आहेत, एक गाडी चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबावं लागतं. सीएसएमटीहून नेरूळमार्गे उरण साठ किमीच्या आसपास पडतं. उरणजवळच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच धरणारा उरणकर त्याहून लवकर मुंबईत पाय ठेवतो, आणि भाऊचा धक्का डॉकयार्ड रोड स्टेशनपासून फार लांब नाही. गाडी आल्यानंतरही लाँचला गिऱ्हाईक उरतं ते उगाच नाही.

मग उरण मार्ग वाया गेला का? मला तसं वाटत नाही. उरण-उलव्याचा माणूस सीएसएमटीलाच जाणार, हे गृहीतक जुनं झालं. नेरूळ-बेलापूरची कार्यालयं, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदराचा पट्टा, नवी मुंबईचा विमानतळ या नोकऱ्या खाडीपलीकडेच आहेत. त्या मापाने पाहिलं तर उरणच्या गाडीला मुंबईपर्यंत नेण्यापेक्षा दर पंधरा मिनिटांनी नेरूळ आणि ठाण्यापर्यंत नेणं जास्त उपयोगाचं. ठाणे-नेरूळ दिशेला सीएसएमटीसारखी दोन फलाटांची कोंडी नाही. तिथे वाढायला वाव आहे, आणि ते काम नव्या रुळांपेक्षा गाड्या आणि वेळापत्रकाने होण्यासारखं आहे.

बुंध्यापुरतं बोलायचं तर आता एक नवी शक्यता दिसते. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा गेली दहा-बारा वर्षं सुरू आहे. तसं खरोखर झालं तर शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड इथे प्रथमच असा मालक उभा राहील, ज्याच्या जमिनीचा भाव हार्बर सुधारल्याने चढेल. सिडकोकडून घेतलं ते 67 टक्क्यांचं सूत्र त्याच्याकडून मागायला हरकत नसावी, आणि मागायचं तर भूखंड विकले जाण्याआधी. उलव्यात क्रम उलटा झाला होता.

दरम्यान पनवेल-कर्जत या सुमारे 30 किमीच्या नव्या उपनगरी मार्गाचं काम एमयूटीपी-3 या मुंबईतल्या रेल्वेकामांच्या योजनेत चालू आहे. चौक, मोहोपे भागात भूखंडांच्या जाहिराती केव्हाच लागल्या आहेत, ‘मुंबई आता लोकलच्या अंतरावर’ या धर्तीच्या. कर्जतहून येणारी गर्दी पनवेलला उतरून सीएसएमटीची गाडी धरेल, तेव्हा ती गाडी दोन रुळांवरून त्याच दोन फलाटांकडे निघालेली असेल. कर्जत मार्गाच्या उद्घाटनाआधी पनवेल ते कुर्ला या पट्ट्याचं वेळापत्रक कोण आणि कसं बदलणार आहे, हे मध्य रेल्वे आणि ही कामं करणाऱ्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडून (एमआरव्हीसी) आत्ताच विचारून घेतलेलं बरं.